पाय वर घ्या

सुतार आणि त्याची शिवणकाम करणारी बायको रोज संध्याकाळी केरावरून भांडत. केर त्याच्या भुशाचा की तिच्या दोऱ्यांचा, हा वाद काही मिटत नव्हता. शेवटी वेळ वाचेल आणि डोकंही, म्हणून दोघांनी शिलकीत हात घालून केर काढणारं गोल यंत्र आणलं.

ते सुरू झालं आणि दोघं भांडण विसरली. ताटाएवढं ते बेटं भिंतीला नाक लावून मागे फिरलं, कपाटाखाली शिरलं आणि पलीकडून ऐटीत बाहेर आलं. सुतार थक्क झाला. काटकोन तपासायचा गुण्या लावल्याशिवाय त्याला स्वतःला आजवर एक कोपरा साधला नव्हता. फक्त पाय आडवा आला की ते बिचकून माघारी जाई.

"अहो, ते आले. पाय वर घ्या," बायको दबक्या आवाजात म्हणाली. एवढा मान तिने जावयालाही दिला नव्हता.

दोघं पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसली. खाली उतरायची सोय नाही, म्हणून बोलणं निघालं. तिला लहानपणी पोहायला शिकायचं होतं, हे सुताराला तेव्हा कळलं. इतकी वर्षं एका घरात राहून ही बाई आपल्याला माहीतच नव्हती, याचं त्याला यंत्राहून नवल वाटलं.

पण घर चकचकीत झालं, तसं यंत्र लवकर आटपू लागलं. ते कोपऱ्यात गेलं की ती शिलाई मशीनवर आणि हा ओसरीत. गोष्ट अर्धीच राही. सुताराला ते सहन होईना. त्याने कारखान्यातून खिसाभर भुसा आणून गुपचूप कपाटाखाली पसरला. मग दोन खिसे. एके दिवशी यंत्र कण्हलं आणि गप्प झालं.

मेकॅनिकने ते उलटं करून मूठभर भुसा काढला. बायको नवऱ्याकडे बघू लागली. आता सगळं कबूल करावं, म्हणून सुताराने तोंड उघडलं, तोच मेकॅनिकने चाकातून लाल दोरा ओढला. तो संपेचना. तुकडे नव्हते ते, अख्खं कोरं रीळ होतं.

बायको खिडकीबाहेर बघायला लागली. सुतार आ वासून तिच्याकडे बघत राहिला.

यंत्र दुरुस्तीला गेलं. संध्याकाळी सुताराने न सांगता झाडू घेतला, तिने सुपली धरली. भांडणाशिवाय केर निघाला. मग तो दारात उगाच घुटमळला.

ती पलंगावर बसून मोकळ्या फरशीकडे बघत होती.

"अहो," ती दबक्या आवाजात म्हणाली, "पाय वर घ्या."