साठीचा केक आणि पुढचा दात

एवारिस्तोंना साठावा वाढदिवस नको होता. वयाचं दुःख नव्हतं हो, दुःख केकचं होतं.

डॉक्टर ब्रिसेइदांनी त्यांचा वरचा पुढचा दात काढून तिथे स्क्रू बसवला होता, भोवती हाडाची भुकटी भरली होती आणि वर तात्पुरता दात लावला होता. शिवाय दम भरला होता, "दात काय, कुणीही बसवेल. खरी कसरत भोवतीचं हाड आणि हिरडी जपायची. धक्का बसून हिरडी एकदा वर चढली, की परत खाली यायची नाही. मग विसरा ट्रम्पेट!"

ट्रम्पेटशिवाय एवारिस्तो म्हणजे मिठाशिवाय जेवण. त्यांच्या ‘मारियाची’ वाजंत्री ताफ्याशिवाय त्लाकेपाके गावात लग्न लागत नसे. पण दात खोटा आहे हे सांगतील तर ते एवारिस्तो कसले! "माझे बत्तीसच्या बत्तीस अस्सल," असं त्यांनी गावभर मिरवलं होतं. म्हणून सर्दीचं निमित्त करून ट्रम्पेट पेटीत पडला होता.

आता आमच्याकडे वाढदिवसाचा पहिला घास हात न लावता, थेट केकला चावून घ्यायचा. आणि वाकलेल्याचं डोकं कुणी केकमध्ये दाबलं नाही, तर तो वाढदिवस कसला? मेहुणा गामालिएल तर यात पटाईत. गेल्या वर्षी एवारिस्तोंच्या कानातून दुसऱ्या दिवशीही क्रीम निघत होतं.

"अहो, सरळ नको म्हणा ना," बायको एलोदिया म्हणाली.

"कारण काय सांगू?"

"खरं सांगा."

"त्यापेक्षा दात पडलेला बरा!"

शेवटी त्यांनी चर्चमधल्या ओळखीच्या बाई म्हणून डॉक्टरांनाच बोलावलं. काम एकच, मागे उभं राहून कुणाला हात लावू द्यायचा नाही.

"मी असताना कुणाची बिशाद आहे?" डॉक्टर म्हणाल्या.

मेणबत्त्या विझल्या, अंगणात अंधार झाला. "चावा! चावा! चावा!" अंगण दणाणलं. एवारिस्तोंनी ओठ आत ओढले, ग्वादालुपेच्या माउलीचा धावा केला आणि वाकले. कुणीच ढकलेना. आता हुश्श म्हणणार, तोच मानेवर असा दणका बसला की कपाळापासून हनुवटीपर्यंत माणूस केकमध्ये!

न्हाणीघराचं दार लावून डॉक्टरांनी मोबाइलच्या उजेडात दात पाहिला. "स्क्रू पक्का. हिरडी जागच्या जागी. देव पावला!"

"पण ढकललं कोणत्या गाढवाने?"

डॉक्टरांनी मान खाली घातली. "लहानपणापासूनची खोड हो. सगळे ओरडायला लागले की हात आवरतच नाही. कुणाला सांगू नका, दवाखान्यात कुत्रं फिरकणार नाही."

"तुम्ही दाताचं सांगू नका, मी हाताचं सांगत नाही."

सौदा पटला. दार उघडलं तर बाहेर अख्खं घर उभं, सगळ्यांच्या पुढे गामालिएल.

"दाजी, दात शाबूत ना?"

"कुठला दात?"

"पुरे हो! ताईने दाताचं सांगून कधीच सगळ्यांना शपथ घातलीय. केक दुधात भिजवून लोण्यासारखा केला, आम्ही हात खिशात घालून उभे राहिलो. मग ढकललं कोणी?"

सगळ्यांची नजर डॉक्टरांच्या उजव्या हाताकडे गेली. तो मनगटापर्यंत पांढरा होता.

इतके दिवस ओठ मिटून हसणारे एवारिस्तो पहिल्यांदा तोंड भरून हसले.

"हळू! हिरडी!" डॉक्टर ओरडल्या. पण आता त्यांचं कोण ऐकतंय!