तुळसाक्कांची ताटं

आमच्या शेजारच्या तुळसाक्का रोज सकाळी बाटल्यांचे ढेकर काढतात.

थट्टा नाही, खरं सांगतेय. तान्ह्या बाळाला दूध पाजलं की खांद्यावर घेऊन ढेकर काढतात ना, अगदी तसं. लिंबाची, मोसंबीची सालं, गूळ आणि पाणी असं कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटल्यांत भरायचं, तीन महिने आंबवायचं आणि त्या पाण्यानं फरशी, भांडी, संडास, वाट्टेल ते धुवायचं, असा तो प्रकार. आत गॅस धरतो. म्हणून रोज प्रत्येक बाटलीचं झाकण जरा सैल करायचं आणि फुस्स झालं की परत आवळायचं. अक्का बाल्कनीत स्टुलावर बसतात, एकेक बाटली मांडीवर घेतात आणि म्हणतात, "सोड बाळा, सोड. पोटात ठेवू नये."

बाटल्यांना नावं आहेत. ज्या बाटलीत गॅस जास्त, तिला सासरच्या माणसाचं नाव. एकदा अक्का लग्नाला म्हैसूरला गेल्या आणि ढेकरांचं काम माझ्यावर आलं. मी धाकट्या जाऊबाईंचा काढला, मामंजींचा काढला, आणि थोरल्या भावजींना नेमकी विसरले. दुसऱ्या दिवशी दुपारी भावजी फुटले. असा आवाज झाला की खालच्या मजल्यावरचा माणूस मीटिंग सोडून जिन्यात पळाला. भावजी छताला, पंख्याला, खिडकीला, सगळीकडं. मी रडवेली होऊन अक्कांना फोन लावला. पलीकडून आधी सुस्कारा आला. "जाऊ दे गं. जिवंतपणीही असाच होता. भिंतीवरची सालं तेवढी काढून ठेव, कुंडीत घालू."

मी मूळची निपाणीची. कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही. पण नवऱ्याच्या नोकरीपायी बेंगळूरच्या एचएसआर लेआउटमध्ये राहायला आलो आणि पहिल्याच दिवशी या बाईनं माझी बोलती बंद केली. सामान लावून झालं होतं. खोकी, थर्मोकोल, जुने पेपर असा ढीग मी लिफ्टजवळ ठेवत होते. समोरचं दार उघडलं. नऊवारी नव्हे, पण नऊ साड्यांचे तुकडे जोडून शिवलेली साडी नेसलेल्या एक बाई बाहेर आल्या.

"हे फेकणार?"

"हो."

"कुठं?"

"कचऱ्यात, अजून कुठं!"

"ते कळलं गं. कचरा कुठं जातो?"

"बाहेर."

"कशाच्या भाईर? भूमीच्या?"

आता बोला! अक्कांनी "सरी" म्हटलं, म्हणजे ठीक, आणि अख्खा ढीग घरात ओढून नेला. माझ्या थर्मोकोलवर पुढं वर्षभर त्यांची कोथिंबीर उगवत होती.

त्यांचं मराठी असंच. "आमची माणसं घोड्यावर बसून आली इकडं, परत जायची वाट विसरली," असं त्या सांगतात. चारेकशे वर्षं बेंगळूरात काढल्यावर मराठीत कानडी मुरणारच. 'स्वल्प बस', 'अय्यो', 'सरी' हे तर मीही आता निपाणीला फोनवर बोलते आणि आईच्या शिव्या खाते.

अक्कांच्या घरात कुठलीच गोष्ट मरत नाही. आत्म्याचं मला माहीत नाही, पण पाण्याचा पुनर्जन्म मी डोळ्यांनी पाहिलाय. तांदूळ धुतलेलं पाणी भाजी धुतं, भाजीचं पाणी फरशी पुसतं, आणि फरशीचं पाणी कढीपत्त्याला मिळतं. कढीपत्ता परत आमटीत! दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीला चिमटे लावून वाळत घातलेल्या असतात, आणि पाऊस आला की अक्का अंगावरच्या साडीआधी त्या पिशव्या वाचवतात. माझा एक जुना गाऊन मी लाज वाटून गुपचूप कोरड्या कचऱ्याच्या पिशवीत तळाला दडपला होता. आठवड्यानं वॉचमनच्या खुर्चीवर नवी उशी आली. लाल फुलांची. आमचे हे ऑफिसातून येताना थबकले, उशीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि त्या दिवसापासून गेटनं जायचं सोडून पार्किंगमधनं जायला लागले.

पण हे सगळं किरकोळ. अक्कांचं खरं साम्राज्य म्हणजे ताटं.

आमच्या बिल्डिंगमध्ये बारसं असो, वाढदिवस असो, सत्यनारायण असो, कागदाची किंवा प्लास्टिकची प्लेट दिसली की अक्का यजमानाला भर पंगतीत विचारणार, "ही उद्या कुठं जाणार?" तसल्या प्लेटा आणायची कुणाची छाती होत नाही. मग सगळे अक्कांकडनंच स्टीलची ताटं, वाट्या, पेले नेतात. पैसे नाहीत, डिपॉझिट नाही. घरभर ताटं. पलंगाखाली ताटं, देव्हाऱ्यामागं वाट्या, आणि वॉशिंग मशीनमध्ये पेले, कारण मशीन पाणी फार पितं म्हणून त्याला कपाटाच्या हुद्द्यावर बसवलंय.

अट एकच. ताटं परत द्यायला स्वतः यायचं. कामवालीबरोबर पाठवायची नाहीत, वॉचमनकडं ठेवायची नाहीत. आणि अक्का मोजून घेईपर्यंत बसायचं.

हे बसणं म्हणजे शिक्षा हो! आधी बायटू कॉफी. म्हणजे एक कप दोघींत अर्धा अर्धा, कारण पूर्ण कप कुणी संपवत नाही आणि उरलेली कॉफी जाणार कुठं, हा प्रश्न आहेच. मग अक्का चष्मा लावतात आणि ताट उचलतात. पूर्वी लग्नात भांडं दिलं की त्यावर नाव कोरून द्यायचे, तशी प्रत्येक ताटाच्या काठावर नावं आहेत. अक्का बोटानं नाव चाचपतात आणि सुरू होतात.

"ही शकुंतला. आमच्या आत्याची नणंद. हिच्या लग्नात नवरदेव दुसऱ्याच मांडवात शिरला आणि जेवून आला. ही सरोजम्मा. माहेरी जाते म्हणून रुसून निघाली, बस चुकली, तिरुपती करून आली. घरी सगळे म्हणाले, बघा, रागावली तरी किती भक्ती! आणि हा वेंकटराव. याला कुणी 'जेवलास का' विचारलं की हा 'नाही' म्हणायचा. चार घरं करून मग घरी येऊन बायकोला म्हणायचा, वाढ."

ताटं असतात ढीगभर. अर्ध्यावर आलं की अक्का थांबतात. "अय्यो! कितीवर होते गं मी?" आपल्याला कुठं माहीत? आपण वेंकटरावात अडकलेलो. मग पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा शकुंतला, पुन्हा मांडव. तिसऱ्यांदा मोजताना नवरदेव जेवून झोपूनही आलेला असतो. एकदा तर कुकर लावून गेलेली मी घरी आले तेव्हा वरणाचा कोळसा झाला होता. मनात म्हटलं, हिचे नातेवाईक मेले तरी मला छळायचं सोडत नाहीत.

तर असं चाललं होतं आणि आमच्या असोसिएशनला नवा सेक्रेटरी मिळाला. प्रणव. ठाण्याचा पोरगा, एकटाच राहतो, स्टार्टअपमध्ये काहीतरी मोठं करतो. स्वभावानं सोन्यासारखा, पण कुठलीही गोष्ट दिसली की तिचं ॲप करायची खाज. मीटिंगमध्ये त्यानं पडद्यावर चित्रं दाखवली. अक्कांची ताटं खाली क्लबहाउसमध्ये रॅकवर ठेवायची. प्रत्येक ताटाला क्यूआर कोड. फोनवर बुक करा, घेऊन जा, परत आणून ठेवा. धुणं, मोजणं हाउसकीपिंग बघेल. "काकूंना या वयात केवढा त्रास होतो," तो म्हणाला. "आपण त्यांचा लोड कमी करायला हवा."

टाळ्यांचा कडकडाट. का नाही होणार? त्या हॉलमधला प्रत्येक जण शकुंतलेच्या लग्नाला तीन-तीनदा हजर राहिलेला होता.

अक्का उठल्या. "ताटांना खाली बरं वाटायचं नाही. थंडी असते."

लोक हसले.

"आणि तो कोड ताटाच्या बुडाला चिकटवल्यावर घासायचं कसं?"

"वॉटरप्रूफ आहे, काकू."

अक्कांनी सगळीकडं बघितलं. कुणीतरी आपल्या बाजूनं बोलेल असं वाटलं असावं. मग म्हणाल्या, "सरी," आणि खाली बसल्या. एका सुतळीच्या तुकड्यासाठी दुकानदाराशी तासभर भांडणारी ही बाई, आणि नुसतं "सरी"? मला ते काही बरं वाटलं नाही.

शनिवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडं गेले. स्वयंपाकघरात जमिनीवर ताटांचा डोंगर, आणि अक्का नारळाची शेंडी अन् रिठ्याचं पाणी घेऊन एकेक घासत बसलेल्या.

"अक्का, अहो, ती लोकं घासणार आहेत की."

"पाठवायचीच तर उजळ पाठवावीत."

मला रागच आला. "तुम्ही सरळ नाही म्हणा की! तुमच्या घराण्याची भांडी आहेत. शकुंतला, सरोजम्मा, सगळ्यांची आठवण आहे. कुणी जबरदस्ती करतंय का?"

अक्कांनी हातातलं ताट खाली ठेवलं. "कसलं घराणं गं? चिकपेटच्या मागच्या गुजरीवाल्याकडनं आणलीत. किलोवर."

गुजरीवाला म्हणजे भंगारवाला.

"मग शकुंतला?"

"कोण कुणास ठाऊक. वितळवायला टाकली होती. एवढं हौसेनं नाव घातलेलं ताट... उचलून आणलं."

"आणि मांडव? नवरदेव? तिरुपती?"

"काही तरी सांगायला हवं ना. नुसती मोजायला बसले तर पाच मिनटांत माणूस उठून जातो."

बाई गं! मला हसू फुटलं. जुन्या चादरीची पिशवी करावी तशी या बाईनं भंगारातली माणसं उचलून, घासूनपुसून, स्वतःची नातेवाईक करून टाकली होती. स्वतःची माणसं होती तीही कुठं जवळ होती? यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा व्हाइटफील्डला, याच गावाच्या दुसऱ्या टोकाला. लोकांची अमेरिकेतली पोरं वर्षाकाठी एकदा तरी येतात, व्हाइटफील्डचं पोरगं फोनवर ट्रॅफिक बघतं आणि 'पुढच्या रविवारी नक्की' म्हणतं.

"ताटं न्यायला येतात, द्यायला येतात," अक्का शेंडी पिळत म्हणाल्या. "ताटंच खाली गेली तर माझ्या दारात कोण येणार, सांग. मी काय कुणाला उगाच बोलावू? सगळी कामाची माणसं."

मी पदर खोचला आणि त्यांच्यासमोर बसून ताटं घासायला घेतली.

रविवारी सकाळी प्रणव ट्रॉली घेऊन आला. "पाच मिनटांचं काम, काकू. मोजून घेतो आणि जातो." मी आधीच जाऊन बसले होते. अक्कांनी कॉफी केली, बायटू, आणि गुमान एकेक ताट त्याच्या हातात द्यायला लागल्या. नाव नाही, गाव नाही. शाळेत पुस्तकं जमा करावीत तसं.

प्रणवनंच एका ताटाचा काठ बघितला. "शकुंतला. कोण या, काकू?"

अक्कांनी माझ्याकडं बघितलं. चोरी करताना पकडलेल्या पोरासारखा चेहरा.

"सांगा की अक्का," मी म्हटलं. "तो मांडव चुकलेला नवरदेव. काय माणूस होता!"

अक्कांनी चष्मा लावला. आणि काय सांगू, त्या दिवशी जी शकुंतला बाहेर पडली ती मीसुद्धा कधी ऐकली नव्हती. नवरदेव जेवून आला, त्याला दुसऱ्या मांडवातल्यांनी आहेर केला, तो आहेर परत करायला शकुंतला स्वतः गेली आणि तिथल्या आचाऱ्याला फोडून आपल्या मांडवात घेऊन आली. प्रणव आधी हसला, मग ट्रॉलीला टेकला, मग सरळ मांडी घालून जमिनीवर बसला. "आमच्याकडं नातेवाईक म्हणजे ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं," तो म्हणाला. दुपार झाली. रोज डब्यातलं मागवून खाणारा तो पोरगा अक्कांच्या हातचा डाळभाज्यांचा बिसीबेळे भात सरोजम्मावर वाढून घेऊन जेवला. दोनदा घेतला.

"आता कुठं असतात या शकुंतलाबाई?" त्यानं विचारलं.

"म्हैसूरला," मी ताबडतोब म्हटलं. खोटं बोलताना माझी जीभ कधी नव्हे ती इतकी सरळ चालली.

"दसऱ्याला येईन म्हणालीय," अक्कांनी पुढं रेटलं.

मग प्रणवनं घड्याळ बघितलं आणि कपाळावर हात मारला. "काकू, किती ताटं झाली?"

"मला काय विचारतोस? तू मोजत होतास."

"मी ऐकत होतो हो!"

ट्रॉली रिकामीच खाली गेली. संध्याकाळी बिल्डिंगच्या ग्रुपवर सेक्रेटरीचा अधिकृत संदेश आला, की ताटांची मोजणी अपूर्ण असून ती पुढील रविवारी सुरू राहील, तोपर्यंत ताटं आहेत तिथंच राहतील, आणि ज्यांना हवीत त्यांनी नेहमीप्रमाणे तुळसाक्कांकडं जावं. कुणीतरी विचारलं, एवढा वेळ का? उत्तर आलं, काम किचकट आहे.

मी तो संदेश अक्कांना वाचून दाखवला. त्या बाल्कनीत स्टुलावर बसल्या होत्या.

"येईल ना गं तो?"

"येतो म्हणालाय की. लिहिलंयसुद्धा."

"सगळेच तसं म्हणतात," अक्का म्हणाल्या.

तो आठवडा मला काही सुचलं नाही. लिफ्टमध्ये प्रणव भेटला की मी उगाच त्याच्या तोंडाकडं बघत राहायची. विचारायचा धीर होत नव्हता. आणि रविवारी सकाळी समोरच्या दाराची बेल वाजली. मी आमच्या दाराला डोळा लावून बघितलं. प्रणवच होता, हातात मोसंबीच्या सालांची पिशवी घेऊन.

ट्रॉली त्यानं आणली नव्हती.