आता हा पुसून दाखव

चष्म्याच्या दुकानाचे मालक फोन छातीशी धरून स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. "एकही लिंक पुसणार नाही. काय करायचं ते कर!"

बायकोची मागणी फार मोठी नव्हती. फोन इतका मंद झाला होता, की कॉल उचलेपर्यंत गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानातून चष्मा घालून बाहेर पडायचं. सगळा भार 'वाचायचंय' नावाच्या ग्रुपचा. नेटवर काही बरं दिसलं, की मालक ते तिथे टाकत आणि वाचल्याच्या समाधानाने झोपी जात. अशी कैक वर्षं गेली होती.

"अहो, एक तरी उघडलीत का?"

"लग्नात आलेली भांडी तू तरी कुठे काढलीस?"

तिने फोन हिसकावला आणि सर्वांत जुनी लिंक दाबली. 'हे पान उपलब्ध नाही.' दुसरी दाबली. तेच. आणखी चार-पाच दाबल्या.

"सगळ्या मेल्यात."

"मेल्या म्हणून काय झालं? माझ्याच आहेत ना!"

आता ग्रुपच उडवायचा, असं ठरवून ती पुढे सरकली आणि थबकली. "अहो, यात माझा भाऊ काय करतोय?"

ग्रुप सुरू करायला दुसरं कुणीतरी लागतं, म्हणून मालकांनी तेव्हा मेहुण्याला घेतलं होतं. लगेच बाहेर काढायचंही होतं. ते राहून गेलं.

तिने तिथल्या तिथे भावाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकून नवऱ्याच्या हातात दिला.

"भावोजी!" मेहुणा पलीकडून आनंदाने ओरडला. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलताय. नाहीतर नुसतं वाचायला पाठवायचात."

"तू... वाचलंस?"

"म्हणजे काय! तुम्ही पाठवायचं आणि मी वाचायचं नाही? टकलावरचा लेख आला, दुसऱ्याच दिवशी गोटा केला. 'नोकरी सोडण्याची हीच वेळ' आलं, तेव्हा जरा जड गेलं. पण म्हटलं, भावोजी उगाच नाही सांगायचे."

बायकोने फोनजवळ तोंड नेलं. "म्हणून सोडलीस होय! आई अजून तुझ्या साहेबाला शिव्या घालते!"

"आणि ते कासवांचं?" मालकांनी हळूच विचारलं.

"हिवाळ्यात काही कासवं महिनोन्‌महिने न खाता राहतात. पुढचं सांगू? सगळं पाठ आहे."

मालकांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग बायकोकडे वळले. "पूस. बिनधास्त पूस सगळं." आणि फोनमध्ये म्हणाले, "बॅग भर आणि ये. राहायलाच."

"अहो, घर केवढं आपलं!"

"लिंका पुसायच्या होत्या, पूस. हा तुझा सख्खा भाऊ आहे. आता हा पुसून दाखव."

मेहुणा आला. मालक रोज खुर्चीत रेलून फर्मावत, "जहाजाच्या भोंग्यांचं होऊ दे," आणि मेहुणा सगळं सांगे, मधल्या जाहिरातींसकट. बायकोने बरेच दिवस कळ काढली. मग एका सकाळी भिंती रंगवायचं निमित्त करून तिने त्याची गादी गुंडाळली.

मेहुण्याने कौतुकाने मान डोलावली. "ताई, न दुखावता पाहुणे घालवायचा हा चौथा उपाय. भावोजींनीच पाठवला होता लेख."

त्याची बॅग भरायला पुढे गेलेला तिचा हात तिथेच थांबला.

"आणि हा पाचवा," मेहुणा म्हणाला.