उत्तर मागून येतं!

या, असे जवळ सरकून बसा. चपलांची काळजी सोडा. कीर्तनात चपला चोरणाराही घटकाभर श्रोता असतोच! आज तुम्हाला अकोल्याच्या खुशालरावांची गोष्ट ऐकवायची आहे. हसून पोट दुखलं, तर ओवा मात्र ज्याचा त्याने घरचा खावा.

खुशालराव म्हणजे फुलांचा माणूस. शहराबाहेरच्या मळ्यात झेंडू-शेवंती पिकवायची, जुन्या शहरात बसून विकायची, आणि कुठे सप्ताह लागला की टाळ घेऊन बुवांच्या मागे उभं राहायचं. टाळकऱ्याचं काम तुम्ही जाणताच. बुवा चरण अर्धा म्हणून सोडतात, उरलेला अर्धा मागून उचलायचा असतो. खुशालराव असा उचलायचे, की बुवांना दम खायला मिळायचं सोडून धडकीच भरायची! एकदा बुवा नुसते खाकरले, तर यांनी खाकरणंसुद्धा वरच्या पट्टीत झेललं!

त्यांची एकुलती एक लेक रागिणी, तिसरीतली. एक दिवस तिच्या वर्गाच्या शेखर सरांनी आईबापांना बोलावून घेतलं.

"मुलगी लिहिते छान. पण तोंडी काही विचारलं, की खांबासारखी गप्प उभी! एकदा तिची बुद्धिमत्ता चाचणी करून आणा. अमरावतीला साधना मॅडम करतात. ठीक निघालं तर ठीक. नाहीतर पुन्हा दुसरीत बसवावं लागेल."

रागिणीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दुसरीत बसायचं म्हणजे मैत्रिणी पुढे जाणार आणि आपण चिल्ल्यापिल्ल्यांत!

खुशालरावांनी छाती फुगवली. "सर, तुमी फिकरच नोका करू! माह्या पोरीची बुद्धी मोजाले बसले, तं थे मोजाचं मशीनच फुटून जाईन!"

संध्याकाळपर्यंत ही घोषणा फुलबाजारभर झाली. दुसऱ्या दिवसापासून तयारी! भिजवलेले बदाम, ब्राह्मीचं तेल, आणि वरून टाळूवर तुपाची धार.

"अजी, तुपानं बुद्धी वाढते काय?" जयवंताबाई कडाडल्या. त्या खुशालरावांच्या मंडळी. "मंग तं आपली कढई आतालोक कलेक्टर झाली असती!"

ठरल्या दिवशी तिघं एसटीत बसली. मूर्तिजापूर मागे पडलं आणि खुशालरावांनी उजळणी सुरू केली.

"रागिणी, सांग बरं, महाराष्ट्राची राजधानी कोणती? मुंबई! शाब्बास! बारा सत्ते किती? चौऱ्याऐंशी! वा रे माही वाघीण!"

वाघिणीचं तोंड दर वेळी उघडायचं आणि तसंच मिटायचं, टोपलीतल्या मासोळीसारखं.

"तिले बोलू तं द्या!" जयवंताबाई म्हणाल्या.

"थेच बोलून राह्यली न!"

"थे कुठं? तुमीच पास होऊन राह्यले. बडनेरा येईलोक तुमी म्याट्रिक होता, बाप्पा!"

साधना मॅडमकडे नियम असा, की चाचणीच्या खोलीत मूल एकटंच जाणार. पण खुशालरावांनी हात जोडले. "मॅडम, पोरगी भित्री हाये. मी मांगं बसतो. तोंडाले कुलूप! पांडुरंगाची शपथ!"

मॅडम भल्या. त्यांनी रागिणीच्या मागे एक खुर्ची ठेवायला लावली. आणि तिथेच सगळं बिघडलं! अहो, तुम्हीच सांगा. समोर गोड आवाजात बोलणारं कुणी, प्रत्येक वाक्यानंतर हळूच थांबणारं, आणि खुशालराव मागे! इतक्या वर्षांच्या सवयीला काय ठाऊक, हे कीर्तन नव्हे म्हणून?

"रागिणी, सांग बाळा, सोमवारनंतर येतो…"

"मंगळवाऽऽर!" मागून सूर लागला.

मॅडमनी मान वर केली. खुशालरावांनी जीभ चावली, शेल्याचा बोळा तोंडात कोंबला. मॅडमनी पुढचा प्रश्न घेतला.

"सफरचंद आणि केळं, या दोन्हींत सारखं काय?"

रागिणीचे ओठ हलले. पण तेवढ्यात बोळा तोफेच्या गोळ्यासारखा बाहेर उडाला! "दोनी उपासाले चालते!"

"दादा, तुम्ही बाहेर बसा," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, आता एक अक्षर बोललो तं…"

"बाहेर!"

बाहेर व्हरांड्यात आणखी पाचसहा आईबाप आपापली लेकरं घेऊन ताटकळत होते. आत चाललेलं दाराच्या फटीतून थोडंथोडं ऐकू येत होतं. खुशालरावांनी दाराला कान लावला.

"रस्त्यात कुणाचा मोबाईल पडलेला सापडला," मॅडमचा आवाज आला, "तर तू काय करशील?"

"पोलिसाले देईन!" खुशालराव दारातून ओरडले.

"पोलिसाले?" बाकावरचे एक गृहस्थ उसळले. ते परतवाड्याहून आलेले पंजाबराव. "मंग सापडला कायले म्हणता? हरवलाच म्हणा न!"

"काहून? सारेच पोलीस तसे नसते!" एक बाई तडकल्या. "माहा भाऊ हाये पोलिसात!"

"मंग त्या हरवलेल्या मोबाईलवर फोन लावून पाहा, तुमचा भाऊच उचलीन!"

झालं! सगळा व्हरांडा पेटला. कुणी म्हणे, मोबाईल देवळात ठेवावा. कुणी म्हणे, आधी चार्जिंगला लावावा. खुशालराव दाराला पाठ टेकून हातवारे करत एकेकाला सूर देत होते. आणि ज्या लेकरांची बुद्धी मोजायची होती, ती मांडी घालून शांतपणे आईबापांकडे बघत होती!

दार धाडकन उघडलं. दाराला टेकलेले खुशालराव उलटे आत गेले आणि थेट चाचणीच्या रंगीत ठोकळ्यांवर आडवे झाले. लाल ठोकळा कपाटाखाली, पिवळा खुशालरावांच्या पाठीखाली.

मॅडम काही बोलण्याआधी व्हरांड्यातल्या बाकावरून जयवंताबाई उठल्या. त्यांनी नवऱ्याचा दंड धरला. "चाला! खाली चहा भेटते. आन् पोरगी बाहेर येईलोक तुमी कपातून तोंड काढलं, तं परत जाताना मी एसटीत बसीन आन् तुमी टपावर!"

खुशालरावांनी चहा घेतला खरा, पण कप नुसताच तोंडाला लावून बसले. "गेली अवं पोरगी दुसरीत," ते पुटपुटले. "मी नसलो तं तिले कोन सांगीन?" डोळे भरून आले बिचाऱ्यांचे. वेडा असला तरी बापच तो! जयवंताबाईंनीही मग आवाज चढवला नाही. स्वतःच्या बशीतला चहा नवऱ्यापुढे सरकवला.

बऱ्याच वेळाने वरून बोलावणं आलं. खुशालराव जिना नाही, फाशीचं तख्त चढल्यासारखे गेले.

मॅडम हसत होत्या! "अहवाल सवडीने मिळेल. पण घाबरू नका. मुलगी हुशार आहे, वयाच्या मानाने पुढेच आहे. दार बंद झालं, बाहेर शांतता झाली, आणि मग ही अशी सुटली की मलाच थांबवावं लागलं!"

"मंग शाळेत काहून बोलत नाई?" जयवंताबाईंनी विचारलं.

"मीही तेच विचारलं. रागिणी, सांग आईला."

रागिणीने एकदा बापाकडे पाहिलं. खुशालरावांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

"मी थांबून राह्यतो," रागिणी म्हणाली. "घरी कोनी काही इचारलं, तं उत्तर मांगून येते न? शाळेत बी मी वाट पाह्यतो. पन तिथं येतच नाई!"

खुशालरावांच्या हाताखालून नुसतं "हं" निघालं. कीर्तनात बुवांनी कान उपटले, की सभेत बसलेल्या पाप्याच्या तोंडून निघतं ना, तसलं!

"औषध एकच," मॅडम म्हणाल्या. "तिला विचारलं, की तुम्ही गप्प बसायचं."

आणि बसले हो! तोंडात सुपारी धरून बसले, पाणी धरून बसले, एकदा तर शेवंतीचं फूल धरून बसले. रागिणी बोलायला लागली. आधी घरी, मग बाजारात गिऱ्हाइकांशी, मग शाळेत. दुसरीत बसवायचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. खुशालरावांनी अख्ख्या फुलबाजाराला पेढे वाटले.

आणि दिवाळीनंतर शेखर सरांनी पुन्हा बोलावून घेतलं.

"काहून सर? बोलत नाई काय आता?"

"बोलते?" सरांनी कपाळाला हात लावला. "अहो, थांबतच नाही! मी प्रश्न विचारतो पुढच्या बाकावरच्या श्रावणीला. आणि ती तोंड उघडायच्या आत मागून उत्तर! तेही सुरात! आता माझा अर्धा वर्ग हिच्या मागे म्हणायला लागलाय!"

खुशालरावांचा ऊर भरून आला. जयवंताबाईंनी मात्र नवऱ्याकडे अशी नजर टाकली, की भर थंडीत त्यांना घाम फुटला.

तर मंडळी, उठता उठता एवढंच मागणं. आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या श्रावणीची तेवढी आठवण ठेवा. गुणी पोर आहे हो, सगळं येतं तिला. पण तोंडी काही विचारलं की गप्पच राहते, म्हणून शेखर सर तिला अमरावतीला पाठवायचं म्हणताहेत!