आयनांची आंघोळ

चष्मेवाल्यांनी कपाटातून चषक काढला, त्याच्यावरचं आवरण सोडलं आणि तो खिडकीशी नेऊन पुन्हा पुन्हा पाहिला. इमारतीच्या बुद्धिबळ स्पर्धेचा हा चषक वर्षभर त्यांच्या ताब्यात होता. चिटणीस म्हणून त्यांनी तो जिवापाड जपला होता. ओरखडा पडू नये म्हणून त्याला आठ जाड रबर बँड लावले होते आणि वरून लोकरी मफलर गुंडाळला होता. आता तो तव्यासारखा काळा दिसत होता. रबर बँड होते तिथे तर आणखी काळे पट्टे उठले होते. हा चांदीचा आहे, हे शपथेवर सांगितलं तरी कुणी मानलं नसतं.

साडेतीन वाजले होते. पाच वाजता बक्षीस समारंभ. अध्यक्ष म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त जेलर. ते नुसते जिन्यात भेटले तरी लोक खिशातले हात बाहेर काढत.

चष्मेवाल्यांनी दात घासायची पेस्ट आणि जुना ब्रश घेतला. टेबलाशी अभ्यास करणारी लेक ओरडली, "बाबा, घासू नका! काळ्याबरोबर चांदीपण निघेल."

"मग काय त्याची समजूत काढू?"

"आयन वापरू."

चष्मेवाल्यांनी ब्रश खाली ठेवला. येत्या सोमवारी तिची आयनांवर चाचणी होती आणि "मी शिकवतो" असं ते मंगळवारी बोलून बसले होते. तेव्हापासून रोज त्यांच्या चष्म्याच्या दुकानात फार गर्दी होत होती.

"आयन म्हणजे काय, ते आधी तू सांग," ते परीक्षकाच्या आवाजात म्हणाले.

"अणूनं इलेक्ट्रॉन दिला किंवा घेतला की त्याचा आयन होतो. दिला की धन, घेतला की ऋण."

"हे उलटं नाही का? देणाऱ्याचं कमी व्हायला हवं."

"अहो, इलेक्ट्रॉनच ऋण असतो! उणं देऊन टाकलं की अधिक उरतं."

चष्मेवाल्यांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे आपली कटकट दुसऱ्याच्या गळ्यात घातली की आपण सुखी."

"हां, तसंच समजा. चांदीनं आपले इलेक्ट्रॉन रबरातल्या आणि लोकरीतल्या गंधकाला दिले आणि दोघं एकमेकांना चिकटून बसले. तोच हा काळा थर. आता आपण मिठाच्या पाण्यात चांदीला ॲल्युमिनियम टेकवायचं. ते चांदीपेक्षा उदार आहे, आपले इलेक्ट्रॉन देऊन टाकतं. मग चांदीचा आयन परत साधी चांदी होतो आणि गंधक सुटतं."

"आणि ते मीठ टाकतात ते कशाला?"

"मिठाचे आयन पाण्यात सुटे होतात आणि विद्युतभार इकडून तिकडे नेतात. ते नसले तर सगळं मध्येच अडतं."

"बरोबर," चष्मेवाले म्हणाले. गंमत म्हणजे, या वेळी त्यांना ते खरंच कळलं होतं.

चषक कुठल्याच पातेल्यात मावेना. म्हणून न्हाणीघरातली मोठी बादली घेतली, तिला आतून ॲल्युमिनियम फॉइलचं अख्खं भेंडोळं लावलं आणि त्यात चषक टेकवून ठेवला. वर मीठ, वर कढत पाणी. लेक म्हणाली, "आता खाण्याचा सोडा, चार चमचे." घड्याळात चार वाजून गेलेले पाहून चष्मेवाल्यांनी डबाच उपडा केला.

बादली फसफसून उठली. पांढरा फेस काठावरून उतरून थेट दारातल्या पायपुसण्यापर्यंत आला. पण त्या फेसात चषकाचा एक कान चमकला आणि चष्मेवाल्यांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात वास आला. सडक्या अंड्यांचा, डोळ्यांत पाणी आणणारा.

"बाबा, जमतंय!" नाक दाबून लेक म्हणाली. "गंधक सुटतंय!"

रुग्णालयातून रात्रपाळी संपवून आलेली बायको आत झोपली होती. तिचा आवाज आला, "अहो, काय मेलंय तिथे?"

"काही नाही गं, अभ्यास चाललाय," असं म्हणून चष्मेवाल्यांनी न्हाणीघराचा पंखा लावला. पंख्यानं आपलं काम चोख केलं. घरातला सगळा वास त्यानं बाहेरच्या डक्टमध्ये ढकलला, आणि त्या डक्टमध्ये इमारतीतल्या प्रत्येक न्हाणीघराची खिडकी उघडत होती.

पाच मिनिटांत जिन्यात शिट्टी घुमली. "गॅस गळतोय! सगळे खाली! शेगड्या बंद, दिव्यांना हात नको!"

चष्मेवाले धावत बाहेर आले. अध्यक्ष तोंडात शिट्टी धरूनच जिना उतरत होते. "चिटणीस, अग्निशमन दलाला फोन केलाय. तुम्ही दारं ठोठावा!"

"अध्यक्ष, एक सांगायचं होतं..."

"सांगत बसायची वेळ आहे का ही?"

तशी ती नव्हतीच. चष्मेवाल्यांनी तीन मजले पालथे घातले, झोपलेल्यांना उठवलं, एका आजोबांना खुर्चीसकट खाली आणलं. स्वतःच्याच बादलीपासून त्यांनी अख्खी इमारत वाचवली.

खाली अंगणात सगळे नाकाला रुमाल लावून उभे होते. कुणी टॉवेलवर, कुणी अर्ध्या दाढीत. बायको डोळे चोळत आली आणि तिनं नवऱ्याच्या फेसाळलेल्या चपलांकडे बघितलं. मग ती त्यांच्यापासून दोन पावलं लांब जाऊन उभी राहिली.

"बाबा, सांगून टाका ना," लेकीनं बाही ओढली.

"योग्य वेळ येऊ दे."

योग्य वेळ लाल गाडीत बसून घंटा वाजवत आली. जवान शिरस्त्राणं घालून वर गेले. दहा मिनिटांनी त्यांचे अधिकारी खाली आले. एका हातात बादली, दुसऱ्या हातात चषक. तो उन्हात असा लखलखत होता की पुढच्या रांगेतल्यांनी डोळे बारीक केले.

"गॅस कुठेच गळत नाहीये. वास या बादलीचा आहे. पहिल्या मजल्यावर सापडली. काय शिजत होतं यात?"

चष्मेवाल्यांनी वर्गात करावा तसा हात वर केला. "माझी आहे. त्यात... आयन होते."

"कोण आयन?" अध्यक्ष गरजले. "भाडेकरू ठेवलात? आपल्या यादीत हे नाव नाही!"

मग चष्मेवाल्यांना सगळं सांगावंच लागलं. चांदीनं काय दिलं, गंधकानं काय घेतलं, ॲल्युमिनियमचा उदारपणा, मिठाची धावपळ. सुरुवातीला ते अडखळले, पण उणं देऊन अधिक कसं उरतं इथवर येईतो त्यांना रंग चढला. लेक मागून मान डोलावत होती. एका ठिकाणी ते गंधकाला धन म्हणाले, तेव्हा तिनं "ऋण, बाबा" एवढंच सुचवलं.

"सोडा किती घातलात?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"डबाभर."

"पुढच्या वेळी चमच्यानं मोजा, खिडकी उघडा, आणि आधी शेजाऱ्यांना सांगा."

अध्यक्षांचा चेहरा लालबुंद झाला होता. पण पाच वाजायला आले होते आणि समारंभाला एरवी जेमतेम सहा जण येत. आज अख्खी इमारत हजर होती, आणि कुणाला पळून जायला वरही जाता येत नव्हतं, कारण वास अजून जिन्यात होता. अशी सभा जेलरसाहेबांना सोडवेना. त्यांनी घसा साफ केला आणि विजेत्या शिंपीणबाईंना पुढे बोलावलं.

"आधी चषकावर काय लिहिलंय ते वाचा ना," शिंपीणबाई म्हणाल्या. "अक्षरं मळानं भरलेली, मी इतकी वर्षं ती नक्षीच समजत होते."

"माझा चष्मा वर राहिला," अध्यक्ष घाईनं म्हणाले. "राहू द्या ते."

"मी वाचतो की!" चष्मेवाल्यांनी चषक घेतला. त्यांचा जन्म लोकांकडून अक्षरं वाचून घेण्यात गेलेला. मोठ्या ओळीपासून बारीक ओळीपर्यंत न थांबता जायचं, ही सवयच. "कुक्कुट प्रदर्शन. उत्कृष्ट कोंबडी. प्रथम क्रमांक. मालक..."

सगळ्यात बारीक ओळीत मालकाचं नाव होतं. ते अध्यक्षांचं होतं.

लोक हसू दाबायला परत नाकाला रुमाल लावू लागले. चष्मेवाल्यांना वाटलं, बादलीत उडी घ्यावी.

"घरात होता," अध्यक्ष हळूच म्हणाले. "बुद्धिबळाला चालेल असं वाटलं."

अग्निशमनचे अधिकारी पुढे सरकले. "पांढरी होती का हो?"

"पांढरीशुभ्र. तुरा असा डावीकडे पडलेला."

"आमच्याकडे होत्या तसल्या! एकदा अंड्यांवर खुडूक होऊन बसल्या की उठायचं नाव नाही."

"आमची तर दुसऱ्या कुणी हात लावला की टोचायची. माझ्या मांडीवर मात्र झोपायची," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा असा आवाज इमारतीत कुणी ऐकला नव्हता. बोलता बोलता दोघं लाल गाडीच्या पायरीवर बसले. चालकानं भोंगा वाजवला, तर दोघांनीही मागे न बघता हातानं "थांब" म्हटलं. मुलं जवळ सरकली, मग मोठी माणसं.

"अहो, माझ्या बक्षिसाचं काय?" शिंपीणबाईंनी विचारलं. शेवटी त्यांनी चष्मेवाल्यांच्या हातून चषक स्वतःच काढून घेतला, काखेत मारला आणि कोंबडीची पुढची हकीकत नीट ऐकू यावी म्हणून गर्दीतून वाट काढत पुढे जाऊन बसल्या.