सगुणबाबांच्या पिवळ्या कड्या

मोटारीच्या इंजिनात एक एकत्र कुटुंब राहतं, असं आमच्या शेजारच्या सगुणबाबांचं ठाम मत आहे. खाली क्रँक असतो तो घरचा कर्ता पुरुष. वर दोन कॅम असतात त्या त्याच्या सुना. एक वारं आत घेते, दुसरी धूर बाहेर काढते. सासऱ्याला आणि सुनांना एकत्र फिरवते ती चेन. हे मला सोमवारी समजलं. मंगळवारी तोच क्रँक देवळाचा महाजन झाला होता आणि सुना पालखीला खांदा देत होत्या. मी म्हटलं, "पण काल तर ते सासरे होते ना?" सगुणबाबांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.

"टीचर, मनीस एकूच काम करता काय?"

मी डिचोलीच्या एका शाळेत भूगोल शिकवते. मला नकाशा द्या, मी नाईलच्या उपनद्या डोळे मिटून दाखवीन. पण बॉनेट कुठून उघडतं हे मला आजही विचारावं लागतं.

सगुणबाब पाळीच्या खाणीवर ट्रकांचे मेकॅनिक होते. खाणी बंद पडल्या, ट्रक दारोदार गंजत उभे राहिले, आणि सगुणबाब घरी बसले. बसले म्हणजे आपल्या जुन्या गाडीखाली आडवे झाले. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, वाहनं राहतात. आमचे डॉक्टर त्यांच्या लेखी 'निळी व्हॅन', पोस्टमन 'ब्रेक नाशिल्ली', म्हणजे ब्रेक नसलेली, 'स्कूटर'. माझ्याकडे वाहन नसल्यामुळे मी नुसती टीचर. कुठल्याही गाडीखालचा तेलाचा थेंब बोटावर घेऊन ते आधी वास घेतात, मग दोन बोटांत चोळतात, मग "सोंपें आसा" म्हणतात. सोंपें आसा म्हणजे सोपं आहे. हे शब्द ऐकले की मला धडकी भरते, कारण त्यानंतर जे येतं त्यातलं मला काहीएक कळत नाही.

त्या आठवड्यात मात्र गंमत नव्हती. त्यांची एकुलती एक मुलगी शमा तेरेखोलला दिलेली. तिला मुलगी झाली होती आणि रविवारी बारसं होतं. खरं म्हणजे पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण शमाची आई गेल्या वर्षी वारली, घरात दुसरं बाईमाणूस नाही, म्हणून पोरगी सासरीच राहिली. नात अजून त्यांनी पाहिली नव्हती. आणि गाडी तर तेल गाळत अंगणात उभी. खाली नारळाची करवंटी ठेवली होती, ती सकाळपर्यंत निम्मी भरायची. मी म्हटलं, बसनं जा. ते म्हणाले, नातीला बघायला आजोबा आपल्या गाडीनं जाणार. मला ते पटलंही.

"टीचर, सांजचे बॅटरी धरपाक येशात? सोंपें आसा."

तर सोमवारपासून शाळा सुटली की मी बॅटरी म्हणजे टॉर्च धरून बॉनेटपाशी उभी. तेल गळत होतं ते टेन्शनर नावाच्या बोटभर जिनसेच्या बुडातून. तिथलं पॅकिंग गेलं होतं. हा टेन्शनर चेनला बाजूनं रेटून धरतो, सैल पडू देत नाही. मी कुतूहलानं विचारलं, "हा घरातला कोण?"

"तो कोण न्हय," सगुणबाब म्हणाले. "तो नुसतो फाटल्यान आसता." फाटल्यान म्हणजे मागे.

पॅकिंग बदलायला टेन्शनर काढला, तो काढताच चेन ढिली पडून दातावरून घसरली, आणि मग समोरचं अख्खं झाकण उघडावं लागलं. चेन परत बसवायची तर खुणा जुळवाव्या लागतात. वरच्या दोन चाकांवर एकेक रेघ असते आणि चेनच्या दोन कड्या पिवळ्या रंगवलेल्या असतात. पिवळी कडी रेघेवर आली पाहिजे. एवढंच. मलासुद्धा जमेल असं वाटलं.

"उजवे वटेनची कडी पळयात." पळयात म्हणजे बघा.

"कोणाच्या उजवीकडची?"

आम्ही समोरासमोर उभे. त्यांची उजवी ती माझी डावी. गाडीची उजवी म्हणे ड्रायव्हर बसल्यावरची, म्हणजे ती आणखी तिसरीच. मी पृथ्वीच्या दोन्ही गोलार्धांत कधी चुकले नाही, पण त्या अंगणात मला माझा हात कुठला हेच कळेना. शेवटी मी देवळाकडची बाजू आणि विहिरीकडची बाजू अशी वाटणी केली. देवळाकडची कडी रेघेवर. विहिरीकडचीही रेघेवर. टेन्शनर तार खोचून दाबून धरला होता, तो बसवला, तार ओढली, तो खट्कन पुढे आला. झालं!

मग सगुणबाबांनी पाना लावून इंजिन हातानं दोन वेळा पुरं फिरवलं. "आतां पळयात."

मी बॅटरी मारली. पिवळ्या कड्या गायब. एक पार खाली दडलेली, दुसरी भलत्याच दातावर.

"चुकलें," सगुणबाब शांतपणे म्हणाले. "परत उघडूया."

मंगळवारी तेच. बुधवारी, गुरुवारी तेच. बसवताना कड्या रेघेवर, दोन फेरे झाले की पसार. मी वहीत चित्रं काढली, कड्या मोजल्या, वर्गात मुलांना पश्चिम घाट पूर्वेला शिकवला. चूक माझीच, माझ्याच उजव्या-डाव्याची, अशी माझी खात्री झाली होती. एका म्हाताऱ्याची नात बघायची राहते आहे, आणि ती आपल्या बावळटपणापायी, या विचारानं मला जेवण गोड लागेना.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत मी मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. कुणी हिंदी बोलणारा मिस्त्री होता. पहिल्याच मिनिटात तो म्हणाला, रंगाच्या कड्या फक्त बसवताना बघायच्या, इंजिन फिरवल्यावर त्या पुढे सरकतातच, घाबरू नका, चाकांवरच्या रेघा जागेवर आल्या की काम बरोबर. मी तो तीनदा पाहिला. चाकांवरच्या रेघा रोज जागेवर येत होत्या, त्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. म्हणजे गाडी सोमवारीच दुरुस्त झाली होती.

आनंदानं मी अंगणापर्यंत आले आणि तिथं माझ्या डोक्यात दुसरा गोंधळ सुरू झाला. मला, भूगोलाच्या बाईला, जी गोष्ट एका मिनिटात कळली ती जन्मभर इंजिनं उघडणाऱ्या माणसाला ठाऊक नसेल?

"सगुणबाब, कड्या सरकतातच ना?"

ते पाना पुसत होते.

"सरकतात."

"मग रोज उघडता कशाला?"

मला राग आला होता. चार संध्याकाळी मी बॅटरी धरायला नव्हे, गाडी झाली नाही याची साक्ष द्यायला उभी होते. पण ते बोलायला लागले आणि राग कुठल्या कुठे गेला. बायकोचं नाव त्यांनी कधीच घेतलं नाही, 'शमाची आवय' म्हणायचे.

"शमाची आवय आसताना ती फुडें भितर वताली. हांव भायर गाडयेकडेन रावतालों. बॉनेट उगडलें काय कोण कांय विचारिना. आतां भितर वचून हांव उलयतलों कितें?"

म्हणजे लेकीच्या घरात हा माणूस कधी शिरलाच नव्हता. आई आत जाऊन व्याह्यांशी चार गोष्टी बोलायची, ख्यालीखुशाली विचारायची, आणि हे बाहेर गाडीत डोकं घालून उभे. व्याही मंडळींना वाटायचं, गृहस्थ ताठ आहे. आता पुढे जायला कोणी नाही. आत गेलं तर बोलायचं काय, या भीतीनं ते चार दिवस चांगली चेन उसवून परत बसवत होते. मला फार वाईट वाटलं. ज्या माणसाला इंजिनातल्या सुना, सासरे, महाजन सगळे पाठ, त्याला आपल्या विहिणीला "बरे मां?" एवढं विचारायची धास्ती.

"मी येते तुमच्याबरोबर," मी म्हटलं. "झाकण लावा."

त्यांनी झाकण लावलं. कुंची आणि काळे मणी मी घेतले. रविवारी आम्ही केरीला फेरीबोटीत गाडी चढवली. पलीकडे उतरल्यावर त्यांनी ती इतकी हळू चालवली की एका सायकलवाल्यानं आम्हाला मागे टाकलं. मध्ये दोनदा थांबून त्यांनी खाली वाकून बघितलं. तेलाचा थेंब नव्हता. त्यांचा चेहरा पडला.

शमाच्या घरासमोर रस्त्यावर गाड्याच गाड्या. पण फाटकाच्या आत, अगदी सोप्याला लागून, एक जागा मोकळी होती आणि तिथं खुर्ची मांडून ठेवली होती. आम्हाला पाहताच शमाच्या दिरानं खुर्ची उचलली आणि गाडी आत घ्यायची खूण केली. सगुणबाबांनी गाडी लावली, उतरले आणि कोणाकडे न बघता सरळ बॉनेटला हात घातला.

मी वर पाहिलं. फुलं बांधलेला पाळणा बाहेरच्या सोप्यात टांगला होता, गाडीपासून चार पावलांवर. सगळ्या बायका तिथंच दाटीवाटीनं बसलेल्या. आतलं मोठं थोरलं दालन रिकामं होतं. शमा लेकीला घेऊन पायरीपर्यंत आली तेव्हा मी तिला विचारलं, एवढी जागा आत असताना पाळणा बाहेर का?

"बाबा भितर येवचे नात, टीचर," ती म्हणाली. "म्हणून पाळणो भायर बांदलो."

सगुणबाबांनी ते ऐकलं. अर्धं उघडलेलं बॉनेट त्यांनी सावकाश खाली केलं. नातीकडे पाहिलं, मग आपले दोन्ही हात उलटे-सुलटे करून बघितले. हात स्वच्छच होते.

"शमा, उदक खंय गो? हात धुवचे आसात."

शमानं मुलीला माझ्याकडे दिलं आणि ती तांब्या आणायला आत धावली.