'त्यांचं राहू दे'वाला सुधाकर

सन २००५. मी एकाहत्तर वर्षांचा. तेव्हा होळी गावातल्या आमच्या माडीवर सुधाकर नावाचा भाडेकरू राहायचा. एकटाच. पण कामावरून आला की स्वतःच्याच दारावर टकटक करून आत जायचा.

"आत कोण आहे रे?" मी एकदा विचारलं.

"कोणी नाही काका. पण असलं तर दचकायला नको."

असा भित्रा माणूस मी पाहिला नाही. जिन्यात मांजर बसलं तर हा खालीच उभा. नळावर कोणी आलं की याची अर्धी भरलेली बादली बाजूला. "त्यांचं राहू दे," हे त्याचं पालुपद.

एका रविवारी दुपारी त्याने मला वर बोलावलं. घर माझं, मी दार वाजवत नसतो. सरळ आत. हा कॉम्प्युटरपुढे घाम पुसत बसलेला. शेजारच्या खुर्चीवर दुकानातलं प्लास्टिक अजून तसंच. मी बसलो तशी ती करकरली.

प्रकरण असं. ऑफिसात सगळे मिळून एकच प्रोग्राम लिहितात. दोघांनी तीच ओळ बदलली की कोणाची ठेवायची ते ठरवावं लागतं. हा दर वेळी स्वतःची पुसायचा. शेवटी साहेब म्हणाला, "तुझं काम कुठेच दिसत नाही. रविवारपर्यंत दिसलं नाही तर सोमवारी येऊ नकोस."

म्हणून याने नवं सॉफ्टवेअर बसवलेलं. डावीकडे याचं, उजवीकडे जोडीदाराचं, खाली दोन्ही मिळून. मला ओ का ठो कळलं नाही, पण तसं कबूल करणं माझ्या स्वभावात नाही. मी मान डोलावली.

"ते सॉफ्टवेअर कुठे ठेवलंय तो पत्ता मशीनला द्यायचा राहिला होता," तो म्हणाला. "सकाळीच दिला. सगळं तयार आहे. फक्त बटण दाबवत नाही."

"दोन्ही ठेवता येतात ना?"

"येतात. पण चुकून त्यांचं पुसलं गेलं तर? ते माझ्याशी बोलणं टाकतील."

"आता बोलतात?"

तो माझ्या खुर्चीकडे बघून म्हणाला, "ऑफिसातलं कोणी येईल म्हणून आणली होती."

माझ्याही मनात आलं, याची नोकरी गेली तर हा जाणार कुठे? पण आवाज चढाच ठेवला. "आमच्या विहिरीवर आपली पाळी सोडली तर शेजारी आभार मानत नाही. आपली केळ मात्र सुकते. दाब. तू दाबल्याशिवाय मी उठत नाही."

त्याने डोळे मिटले आणि दाबलं. डावीकडचा निळा पट्टा खाली उतरला, मागोमाग उजवीकडचा पिवळा.

"त्यांचं आहे का, काका?"

"आहे. तुझंपण आहे. डोळे उघड."

मग त्याने ते फोनच्या तारेवरून ऑफिसात धाडलं. संध्याकाळी साहेबाचा फोन आला. काम पोचलं, उद्या ये.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तो निघायच्या आधी, मी जिना चढलो आणि जन्मात पहिल्यांदा आपल्याच माडीचं दार वाजवलं.